चाकावरची चिंधी

लकडगंज, नागपूर
५ जानेवारी १९८१

प्रिय रुपराव,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. तू मनात म्हणत असशील, गिरिधर एवढा मोठा साहेब कधी झाला की चार ओळींच्या उत्तराला त्याला नऊ दिवस लागावेत. कांता रोज संध्याकाळी, मी हातपाय धुऊन टेकलो की विचारते, "लिवलं का जी?" आणि मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. कधी मोटर बिघडली, कधी पट्टा तुटला, कधी बोटं वळत नाहीत. यातलं शेवटचं तेवढं खरं. यंदा थंडी अशी पडली आहे की सकाळी पहिला तांब्या अंगावर घेतला की देवाऐवजी तोंडातून शिवीच निघते. आज मात्र सुटका नाही. आमची प्रेमिला समोर बसली आहे. पत्र पुरं झालं की ते मी नाही, ती पोस्टात टाकणार आहे. असं का, ते तुला वाचता वाचता कळेल.

आधी आनंदाचं लिहून घेतो, कारण पुढे त्याला जागा उरेलसं वाटत नाही. मागच्या उन्हाळ्यात तुझा गोविंदा शिक्षकांच्या शिबिरासाठी महिनाभर आमच्याकडे राहिला, तेव्हाच कांताच्या ध्यानात आलं होतं. प्रेमिला सीताबर्डीला शिवणाच्या क्लासला जायची आणि नेमकं त्याच वेळी या मास्तरांना सीताबर्डीला वही नाहीतर शाई घ्यायची असायची. तुमच्या पारशिवनीत शाई मिळत नाही का, असं मी एकदा विचारलंदेखील, तर पोरगं कानापर्यंत लाल झालं. गुणी मुलगा आहे, रुपराव. जेवून उठला की स्वतःचं ताट स्वतः उचलतो, आणि हे त्याला कोणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. तू लिहिलंस की पौषात दोघांच्या लग्नाचं काही बोलणं नको, माघ लागला की साक्षगंध उरकून घेऊ. कांतानं ते वाचून घेतलं आणि लगेच प्रेमिलाच्या साडीचा रंग ठरवून टाकला. तिला थांब म्हणायची मला हिंमत झाली नाही.

हे साक्षगंध होईल की नाही, ते आता या पत्रावर आहे. म्हणून चष्मा लाव, उजेडात बस, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय फाडू नकोस. तू पत्राच्या शेवटी मला एक काम सांगितलं होतंस. ते मी केलं. त्याचं काय झालं तेच लिहायचं आहे, पण त्यासाठी मला कारखान्यातून यावं लागेल.

कारखाना आहे तिथेच आहे. सकाळी टिनाच्या छपरातून दव गळतं आणि रंध्याच्या मशीनवर गंज धरतो. पूर्वेच्या उघड्या बाजूला भिंत घालू, घालू म्हणत शेठ म्हातारे झाले, आता त्यांचा मुलगा घालू म्हणतो. वारा तिथून आत शिरतो तो थेट हाडात. उन्हाळ्यात लोखंड तापतं हे कोणालाही समजतं, पण थंडीत ते किती आडमुठं होतं हे आपल्यासारख्यांनाच माहीत. तेल काकवीसारखं घट्ट होतं. मोटर नुसती घुं घुं करते आणि फिरत नाही. चामड्याचा पट्टा आखडून चाकावरून घसरतो, मग त्याला राळ चोळा, हातानं दोन फेरे द्या, मोटरला बाबापुता करा. आठ वाजता लाकूड चिरायला लागायचं असेल तर सात वाजता मशीनच्या पाया पडायला सुरुवात करावी लागते. सगळं तसंच आहे. फक्त माझे गुडघे तेव्हाचे राहिले नाहीत.

भुशाची शेगडीही तीच. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून भरायचा, बाटली अलगद काढायची आणि त्या भोकात खालून निखारा सरकवायचा. वर तेलाचा डबा. तेल पातळ झालं की आरा मशीनच्या पायाशी उकिडवं बसून खालच्या चाकाच्या बेअरिंगात ते सोडायचं. हे काम माझं होतं, आठवतं ना? शेगडी आणि तेल माझं. पातं कसणं आणि मशीन चालू करणं तुझं. कुलूपकिल्ली नत्थूजींची. तिघांनी मिळून ते धूड चालवलं म्हणून शेठचं नाव झालं, नाहीतर त्या मशीनचा जन्म आपल्या बापाच्याही आधीचा.

परवा मला हे सगळं प्रेमिलाला समजावून सांगावं लागलं. तिनं मशीन लहानपणी एकदाच पाहिलेलं. मी तिला सांगितलं की दोन मोठी चाकं असतात, एक वर, एक खाली, आणि दोन्हींवरून पात्याचा अखंड पट्टा फिरतो, रहाटावरच्या माळेसारखा. तो चालताना ताठ हवा, पण काम संपल्यावर सैल करून ठेवायचा. कारण रात्री थंडीनं पोलाद आकसतं, आणि आधीच ताणलेलं पातं आणखी आकसलं की जिथे ते झाळून जोडलेलं असतं तिथे त्याला बारीक चीर पडते. डोळ्याला दिसत नाही, पण पडते. ताण दाखवणारा काटा तर आपण कामाला लागायच्या आधीपासून मोडलेला. म्हणून नत्थूजींनी मोजून ठेवलं होतं: संध्याकाळी हँडलचे सहा आटे उलटे, सकाळी सहा आटे सुलटे. आणि एकदा दोघांनी एकमेकांना न विचारता तेच पातं दोनदा कसलं, ते तुटून छपरात घुसलं, तेव्हा नत्थूजींनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा फाडून चिंधीची रीत घातली. पातं सैल केलं की हँडलच्या चाकाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की कोणाला विचारायचं नाही, सरळ सहा आटे द्यायचे आणि चिंधी सोडून खिळ्याला लावायची. चिंधी नसली तर हँडलला हात लावायचा नाही. नत्थूजी संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मान वर करून चाकाकडे पाहायचे. चिंधी असली की म्हणायचे, "चला, झोपलं बापा हे पन."

त्या माणसानं आपल्याला कामाला लावलं, रुपराव. तुला पाटणसावंगीच्या बाजारातून हात धरून आणलं आणि मला तर बापानं घरातून काढलं होतं तेव्हा स्वतःच्या ओसरीवर झोपवलं. बायजाबाई आधी त्यांना वाढायची, मग आपल्याला, आणि आपल्याला जास्त वाढायची. हे मी का लिहितो आहे? तुला विसर पडला असेल म्हणून नाही. मीच विसरल्यासारखा तेरा वर्षं जगलो, म्हणून.

दहा जानेवारी अडुसष्ट. सगळ्यांना ठाऊक आहे तशी ती सकाळ आधी लिहितो. त्या दिवशी मी वेळेवर आलो नव्हतो. तू आलास, कानाला मफलर गुंडाळलेला, आणि चाकाला चिंधी होती. माझी वाट पाहून नत्थूजींनी स्वतःच शेगडी पेटवली आणि तेल घेऊन ते मशीनच्या पायाशी उकिडवे बसले. तू चिंधी सोडलीस, आटे दिलेस. थंडीत ते हँडल जड फिरायचंच, ग्रीस घट्ट झालेलं असायचं, त्यामुळे त्याच्या जडपणाचं तुला काही वाटलं नाही. नत्थूजींनी हात वर केला, "होऊ दे." तू खटका दाबलास. चाकांनी वेग घेतला आणि पातं झाळीवर तुटलं. पुढचं मी लिहीत नाही. तू पाहिलं आहेस आणि मी शेजारच्या चहाच्या टपरीवरून तो आवाज ऐकला आहे. मी धावत आलो तेव्हा शेगडी आडवी पडली होती आणि तू दोन्ही हातांनी नत्थूजींची मान धरून बसला होतास. इस्पितळापर्यंत ते गेले नाहीत.

मग ते सरकारी साहेब आले. सगळ्यांनी चिंधीची रीत त्यांना समजावून सांगितली. त्यांनी विचारलं, काल चिंधी कोणी बांधली? मी म्हणालो, मी. बस्स. मग ते तुझ्याकडे वळले आणि आटे किती दिलेस ते विचारलं. तू म्हणालास, "सहा देल्ले साहेब." त्यांनी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, "सहाच देल्ले असतीन." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू खाली पाहिलंस आणि म्हणालास, "मले याद नाही साहेब. आठ-नऊ झाले असतीन. कानाले मफलर होता, ध्यान नसन राह्यलं." तिथे मी उभा होतो. तुझ्यापासून चार हातांवर, रंध्याच्या मशीनला टेकून. शेठनं तुला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. तू भांडला नाहीस, आपली पटाशी आणि वाकस पोत्यात बांधलीस आणि पारशिवनीला गेलास.

नुसत्या आवाजावरून पात्याचा कोणता दात बोथट झाला ते सांगणारा माणूस नागपुरात दुसरा नव्हता. तो बैलगाडीचे आरे आणि वखराचे दांडे करत बसला. तू मशीनला पुन्हा हात लावला नाहीस हे मला माहीत होतं. पण बाकीचं मला गोविंदानं सांगितलं, बोलता बोलता, हसत हसत. म्हणाला, आमच्या बाबांना मोजायची भारी सवय. विहिरीवर बादल्या मोजतात, जिना उतरताना पायऱ्या मोजतात, कुलूप लावलं की सहा वेळा ओढून पाहतात आणि मोठ्यानं आकडे म्हणतात. आई रागावते पण ऐकत नाहीत. प्रेमिला हसली, कांता हसली. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

आणि बायजाबाई. दर दहा जानेवारीला तू ज्वारीचं पोतं घेऊन एस.टी.नं येतोस, तिच्या दारात ठेवतोस आणि बाहेरच उभा राहतोस. ती पोतं आत ओढते आणि दार लावून घेते. तेरा वर्षांत तिनं तुला पाण्याचा तांब्या दिलेला नाही. एकदा मी समोरच्या गल्लीतून पाहिलं. पोतं आत गेल्यावरही तू बराच वेळ उभा होतास, टोपी हातात धरून. आणि हीच बायजाबाई त्यानंतर चार दिवसांनी, संक्रांतीला, आमच्या घरी येते. कांताजवळ घटकाभर बसते, आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणते, "गिरिधर, तूच एक राह्यला बापा आता त्याईच्या मांगचा." दरवर्षी. मी तो तिळगूळ खातो, रुपराव. न खाऊन सांगणार काय?

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तेरा वर्षं खवखवलं आणि मी त्यावर गोड खात राहिलो. आता नऊ जानेवारीची संध्याकाळ लिहितो. ती कोणालाच माहीत नाही.

त्या दिवशी आलापल्लीचे ओंडके चिरून झाले तेव्हा सहा वाजले होते आणि वारा सुटला होता. माझ्या दोन्ही तळव्यांना थंडीनं भेगा पडलेल्या, हँडल धरलं की त्यातून रक्त यायचं. सैल करायची पाळी माझी होती. मी हँडल धरलं, अर्धा आटा फिरवलं, ते अडकलं. जोर लावला तर भेग उलली. मी हात सोडला. शेगडीवर ग्रीस तापवून आणलं असतं तर फिरलं असतं, पण शेगडी विझवलेली होती. नत्थूजी दारात किल्ल्या वाजवत उभे होते. मनात म्हणालो, सकाळी शेगडीसाठी रुपरावच्या आधी मीच तर येतो. आल्या आल्या रुपरावला सांगीन, आज आटे देऊ नको, कसलेलंच आहे, पातं बदलू. एका रात्रीनं काय होतं. पण चिंधी न बांधता बाहेर निघालो असतो तर नत्थूजींनी वर पाहून मला परत पाठवलं असतं. म्हणून मी चिंधी बांधली. चांगली दोन गाठी मारून बांधली. नत्थूजींनी वर पाहिलं आणि म्हणाले, "झोपलं बापा हे पन."

सकाळी मी निघालो होतो वेळेवरच. टपरीच्या भिंतीवर ऊन आलं होतं. इतक्या दिवसांनी अंगावर ऊन पडलं आणि मला वाटलं, एक चहा घेऊ, पाच मिनिटं पाठ शेकू. मला घाई आहे हे मला माहीत होतं, रुपराव. पातं तसंच कसलेलं आहे हे मी विसरलो नव्हतो. कधीकधी मी स्वतःला सांगतो की विसरलो होतो, पण ते खोटं आहे. मला ते आठवत होतं आणि मी अजून एक घोट घेऊ म्हणत होतो. कोणी आजारी नव्हतं, कुठे अडकलो नव्हतो. उन्हात बसलो होतो. आणि मी जिथे रोज उकिडवा बसायचो, तिथे तोवर नत्थूजी बसले होते.

तेव्हा का बोललो नाही, असं तू विचारशील. प्रेमिला सहा वर्षांची होती, कांता भोळी, मला जेलची भीती वाटली, हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच खरं कारण नाही. खरं कारण असं की साहेबांनी मला एकच विचारलं, चिंधी कोणी बांधली. पातं सैल केलं होतं का, असं कोणी विचारलंच नाही, कारण चिंधी म्हणजे पातं सैल, हे आपणच त्यांना शिकवलं होतं. मी खोटा शब्द बोललो नाही म्हणून मला वाटलं मी सुटलो. आणि मग तू आपल्या तोंडानं आठ-नऊ आटे कबूल केलेस आणि मला पुढचं सगळं सोपं करून दिलंस. महिन्याभरानं शेठनं तुझी जागा मला दिली. ती मी घेतली. तेरा वर्षं त्या जागेवर उभा राहून मी तुझं मशीन चालवलं. चिंधीची रीत मी बंद केली, लोकांना वाटतं नत्थूजींच्या दुःखानं केली. आता मीच सैल करतो, मीच कसतो, दुसऱ्या कोणाच्या भरवशावर काही ठेवत नाही. माझ्यासारखा माणूस कारखान्यात दुसराही असू शकतो, याची मला धास्ती वाटते.

आता तुझं काम. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "गिरिधर, साक्षगंधाच्या आंधी प्रेमिलाले माह्याबद्दल सारं सांगून दे. जो मानूस तिचा सासरा होऊन राह्यला त्याच्या हातानं एक जीव गेला हाय, हे तिले मागून दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. पोरगी नाही म्हनली तं माह्या मनात काई राहनार नाही." हे वाचून मी सात दिवस पत्र उशाखाली ठेवलं. परवा तिला समोर बसवलं आणि सुरुवात केली, तुझ्याच नावानं केली, लाज वाटते लिहायला. मशीन सांगितलं, चिंधी सांगितली, सहा आटे सांगितले, तुझा मफलर सांगितला. ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "पन बाबा, चिंधी बांधाच्या आंधी पातं ढिलं कोनं केलं होतं?" तेरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "हे मले काहून सांगता? ज्याईचं हाय त्याईले लिवा. त्याईनं वाचल्यावर मंग पाहू साक्षगंधाचं." म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते तीच टाकणार आहे. माझ्यावर तिचा भरवसा राहिलेला नाही, आणि त्यात तिची चूक नाही. या माणसाची लेक घरात नको असं तुला वाटलं तर तसं गोविंदाला सांग, मी तोंड वर करून काही म्हणणार नाही. फक्त तिनं काही केलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव. या शनिवारी दहा तारीख आहे. तू बायजाबाईच्या दारात उभा राहायला येऊ नकोस. या वर्षी तिथे मी उभा राहणार आहे, आणि ती दार लावेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगणार आहे. आणि एक गोष्ट, जी तेरा वर्षांपूर्वीच मला सांगता आली असती. नत्थूजी गेल्यावर आठवड्यानं मी एकटाच कारखान्यात थांबलो होतो आणि तोवर कोणी हात न लावलेल्या त्या हँडलचा आटान् आटा उलटा फिरवून मोजला होता. खात्री करून घ्यायची होती की चूक थोडी तरी तुझी होती. नव्हती. पातं सैल असतं त्या जागेपर्यंत साडेअकरा आटे भरले: साडेपाच मी न सोडलेले, सहा तुझे. तू सहाच आटे दिले होतेस, रुपराव. तू बरोबर मोजलं होतंस. आता मोजायचं बंद कर.

तुझाच असं लिहू की नको, हे तू ठरव,
गिरिधर